बाणबाई

उलटा बाण दिसला की बाणबाईंचा जीव वर-खाली व्हायचा. एखाद्या मुलानं वहीत वाघ काढून तिथून हरणाकडे बाण नेला, की त्या त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेत आणि विचारत, "काय रे, वाघ हरणाला घास भरवतोय का?" मग बाण खोडायचा, फिरवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "बाण खाणाऱ्याकडे!" अन्नसाखळीतला बाण अन्न कुठं चाललंय ते सांगतो, कोण दांडगा ते सांगत नाही, हे त्यांनी सिंगापुरात जुरोंग ईस्टच्या आसपासच्या पंधरा-वीस मराठी पोरांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. त्यांचं खरं नाव वृंदा, पण ते त्यांच्या इथं राहण्याच्या पासवर आणि नवऱ्याच्या तोंडी तेवढं उरलं होतं. मुलं त्यांना आँटी म्हणत आणि आम्ही पालक त्यांच्या माघारी बाणबाई.

पुण्यातल्या एका शाळेत त्या बारा वर्षं विज्ञान शिकवत होत्या. नवरा, सुहास, आमच्या बँकेच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात आला, तेव्हा शाळेतून तीन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन त्याही आल्या. नवऱ्याच्या पासवर आलेल्या बाईला इथं परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. "नुसतं बसून माझ्या हातापायांना मुंग्या येतात हो," असं म्हणत त्यांनी नवव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी सकाळी मुलं जमवायला सुरुवात केली. फी नाही, फळा नाही, हॉलमधल्या फरशीवर सतरंजी. माझी मुक्ता तेव्हा तिसरीत होती. तिला सोडून बुओना व्हिस्टाला घरी परत जाऊन पुन्हा यायचं जिवावर यायचं, म्हणून मी तिथंच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राही. अशा रीतीनं चाळिशीत माझं प्राथमिक विज्ञान पक्कं झालं.

बाण उलटे काढण्यात मुलांपेक्षा बाप पटाईत होते. बाईंनी दिलेला गृहपाठ आम्ही घरी मदत म्हणून करून द्यायचो आणि झाडून सगळ्यांचे बाण चुकायचे. बाईंना कारण कळेना. शेवटी एका शनिवारी त्यांनी माझ्यासमोर मुक्ताची वही धरली. मी एचआरमध्ये. दिवसभर कोण कुणाच्या हाताखाली याचे तक्ते काढणारा माणूस. मी वर चौकटीत गरुड बसवला होता, त्याच्याखाली दोन साप, सापांखाली चार बेडूक, आणि सगळे बाण वरून खाली. बाई हसून हसून सतरंजीवरच बसल्या. "मुक्ताचे बाबा, तुमच्या ऑफिसात हुकूम वरून खाली येतो. इथं जेवण खालून वर जातं. तुमचा हा गरुड उपाशी मरेल!" मुलांनी ते वर्षभर पुरवून वापरलं.

मुलांना खायला दिल्याशिवाय त्या सोडत नसत, आणि खाताना एकच प्रश्न विचारत, "ह्यात सूर्य कुठं आहे?" पोह्यात सूर्य शोधणं सोपं होतं. आमलेटात कोंबडी, कोंबडीच्या पोटात मका, मक्यात सूर्य, असं तीन उड्यांत सापडे. एकदा एका पोरानं इन्स्टंट नूडल्सचं पाकीट नाचवत इथल्या इंग्रजीत विचारलं, "आँटी, धिस वन व्हेअर गॉट सन, लाह!" बाईंनी पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली, गहू सापडला, आणि विजयी मुद्रेनं पाकीट परत दिलं. पोरगं हिरमुसलं, पण पुढच्या शनिवारी ते आपल्या आजीच्या कवळीत सूर्य आहे का, असं विचारत आलं.

पाण्याचा खेळ मात्र माझ्या कायमचा लक्षात राहिला. मुलांना रांगेत उभं करून पहिल्याच्या ओंजळीत त्या तांब्यानं पाणी ओतत. पहिला गवत, मग टोळ, मग बेडूक, मग साप. ओंजळीतून ओंजळीत पाणी द्यायचं. फरशी भिजे, हात भिजत, कोपर भिजत आणि शेवटी उभ्या असलेल्या गरुडाच्या हातात चमचाभर येई. गरुड झालेली मुक्ता रडवेली होऊन म्हणाली, "नॉट फेअर, आँटी!" बाई म्हणाल्या, "नाहीच मुळी फेअर. प्रत्येक जण जगायला, पळायला, श्वास घ्यायला खर्च करतो, मगच पुढच्याला देतो. म्हणून गवत डोंगरभर असतं आणि गरुड एखादा." आणि फरशी पुसायला आधी गरुडालाच बसवलं.

बाईंचा उत्साह एकदाच अंगाशी आला. मुलांना दाखवायला त्यांनी बाल्कनीत काचेच्या बरणीत डासांच्या अळ्या पाळल्या, वर जाळी बांधून. शेजारच्या बरणीत गप्पी मासे. शनिवारी अळ्यांच्या बरणीत मासे सोडायचे होते. गुरुवारीच डेंग्यूची तपासणी करणारा माणूस दारात उभा राहिला. सिंगापुरात घरात अळ्या सापडणं म्हणजे दंड, हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही, पण शिकवण्याच्या नादात त्यांनी ते सोयीनं विसरून टाकलं होतं. त्यांनी त्या बिचाऱ्याला उभ्या उभ्या शेवाळापासून बगळ्यापर्यंतची सगळी साखळी समजावली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, बरणी मोरीत ओतली आणि कडक ताकीद देत म्हणाला, "मॅडम, फूड चेन इज गुड. बट धिस वन कॅनॉट." सुहासनं आठवडाभर अबोला धरला. बाईंना दुःख एवढंच, की मासे उपाशी राहिले.

आता जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात, जगभरच्या बँका कोसळत असताना, मला एका बंद खोलीत बोलावलं गेलं. सुहास काम करत होता ते अख्खं खातं जानेवारीत बंद होणार होतं. काढून टाकायच्या लोकांची यादी मला करायची होती, आणि तोवर तोंडातून अवाक्षर काढणार नाही, अशा कागदावर सही करायची होती. मी केली. यादीतलं अकरावं नाव सुहासचं होतं, तेही माझ्याच हातानं टाइप झालं. नोकरी गेली की पास रद्द, आणि पास रद्द झाला की तीस दिवसांत देश सोडायचा. हे नियम लोकांना समजावून सांगणं हेच तर माझं काम.

त्यानंतरही दर शनिवारी मी त्या खुर्चीत जाऊन बसत होतो. न जावं तर मुक्ताला काय सांगणार? जावं तर बाईंच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. मी वर्तमानपत्र न्यायला लागलो.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मुलं हात धुवायला गेली, तेव्हा बाई एक लिफाफा घेऊन माझ्यासमोर आल्या. चेहरा नुसता फुलला होता. इथल्या एका खासगी शिकवणीवाल्यांनी त्यांना जानेवारीपासून विज्ञान शिकवायला बोलावलं होतं. दुसरीकडे पुण्याच्या शाळेचं पत्र आलं होतं: रजा संपते आहे, महिनाअखेर रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या.

"तुम्ही एचआरमधले, म्हणून विचारते," त्या म्हणाल्या. "सुहासचा पास अजून दोन वर्षं आहे. मग माझ्या परवानगीला काही अडचण नाही ना? राजीनामा टाकू ना?"

मी म्हणालो, "एवढी घाई कशाला? थोडं थांबा ना."

"थांबून काय होणार? तिकडे माझ्या जागेवर एक मुलगी तीन वर्षं हंगामी काम करतेय. तिला किती लटकवून ठेवायचं? अडचण असेल तर सांगा, हा लिहून ठेवलेला राजीनामा मी आत्ता फाडते."

"नियमाप्रमाणे..." मी म्हणालो, "नाही. नियमाप्रमाणे काही अडचण नाही."

ते अक्षरशः खरं होतं. आजपर्यंत मी एवढं खरं आणि एवढं नीच दुसरं काही बोललेलो नाही. मी तर इथला पर्मनंट रेसिडेंट. बोललो असतो तर फार तर नोकरी गेली असती, देश सुटला नसता. पण घराचे हप्ते, मुक्ताची शाळा, बायकोचा चेहरा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि मी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. त्या आठवड्यात बाईंनी राजीनामा पोस्टात टाकला आणि येताना आम्हा सगळ्यांसाठी पेढे आणले.

जानेवारीत यादी वाचली गेली. वाचायलाही मलाच बसवलं होतं. सुहास समोर बसून फक्त मान हलवत होता, जणू मीच अडचणीत आहे आणि तो मला धीर देतोय.

फेब्रुवारीत मी सामान बांधायला मदत करायला गेलो. बाईंनी पुण्याला फोन केला होता, जागा भरली गेली होती. मुक्ता आत पुस्तकं खोक्यात भरत होती. बाईंनी दोरीची गाठ मारता मारता मान वर न करता विचारलं, "तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"ऑक्टोबरपासून."

त्यांनी गाठ पुरी केली. दोरी ओढून पाहिली. मग माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं, मुक्ताचे बाबा."

त्या रागावल्या असत्या तर मी पाय तरी धरले असते. पण त्या उठल्या आणि टॅक्सी येईपर्यंत आत मुक्ताची चाचणी तपासत बसल्या. मी खोकी खाली नेली. दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात उरलं नव्हतं.

त्याच वर्षअखेरीस मुक्ताचा सहावीचा निकाल लागला. विज्ञानात तिला सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. तिनं घरात पाऊल टाकल्या टाकल्या पुण्याला फोन लावला. बाई आता हडपसरला एका क्लासमध्ये शिकवतात, तासांवर, एवढं मला तिच्याकडूनच कळलं होतं. दोघी पुष्कळ वेळ बोलल्या, हसल्या. मग मुक्तानं फोन माझ्यापुढं धरला. "बाबा, आँटी वॉन्ट्स टु टॉक टु यू."

मी मान हलवली. नको. तिनं पुन्हा फोन पुढं केला, मी पुन्हा हातानंच नको म्हटलं आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. बाथरूममध्ये आहेत म्हणून सांग, असं मी ओठ हलवून तिला सांगत होतो. तिला ते कळलं नसावं, किंवा कळूनही पटलं नसावं. तिनं फोन कानाला लावला आणि बाईंशी बोलायचं म्हणून अगदी जपून, शुद्ध मराठीत सांगितलं,

"आँटी, बाबा इथंच उभा आहे. पण तो बोलत नाहीये."