मी धुतलेली बरणी

तिची बरणी मी राखेने घासली, कढत पाण्याने विसळली आणि उन्हात पालथी घातली. वर स्वतःलाच शाबासकी दिली. तेव्हा मी जेमतेम बासष्टची, अक्कल यायची होती.

बदलापूर गावात आमच्या शेजारी राहायची ती. शेतकऱ्याची मुलगी, उल्हासनगरच्या कॉलेजातून मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी झालेली. घरच्या जांभळांचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, करून विकायचं तिने मनावर घेतलं होतं. अशी एखादी तुमच्याही शेजारी असेल. आपण तिला वेडी म्हणतो आणि खिडकीतून बघत बसतो.

तिच्या वडिलांना तो आंबूस वास सोसेना, म्हणून बरण्या माझ्या मागच्या पडवीत. "दिवाळीपर्यंत परक्या माणसाने विकत घेतलेली एक तरी बाटली दाखव," त्यांनी बजावलं होतं, "नायतर मामाने एमआयडीसीत बघितलेली नोकरी धर."

चार वेळा बिघडलं. दरवेळी ती वही काढायची. "फसलं तर फसलं काकू, लिहून ठेवू."

"अगं, फसलेलं कोण लिहितं? आम्ही करपलेली पोळी गाईला घालून मोकळ्या होतो."

"म्हणून तर ती पुन्हा करपते!"

पाचव्यांदा एका बरणीत जमलं. ती दोन दिवस मावशीकडे निघाली, तेव्हा म्हणाली, "काकू, बरणीवर लक्ष ठेवा." मी ठेवलं. वर जाड, बुळबुळीत साय दिसली. बुरशीच ती! पुढचं सांगितलंच.

परत आल्यावर ती त्या लख्ख बरणीकडे बघत राहिली. "काकू, ते शिरक्याचं विरजण होतं."

चाळीस वर्षं दही लावणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं! बाकीच्या बरण्या त्या विरजणासाठीच थांबल्या होत्या आणि दिवाळी दोन महिन्यांवर. ती रडली नाही, पण वहीही काढली नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

तिची आई चौथी शिकलेली. तिने ऐकलं, घरात गेली आणि तांदळाच्या डब्यामागून चिनी मातीची छोटी बरणी घेऊन आली. "विरजण कुणी एकाच भांड्यात ठेवतं का गं? मी चमचाभर काढून ठेवलेलं. अधूनमधून रस पाजत होते."

पोरीने वास घेतला आणि हसली. मग वही निघाली. मी डोकावून पाहिलं. "पाचवी खेप. बिघडण्याचं कारण: काकू."

दिवाळीच्या आठवड्यात उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराने थेंबभर चाखून विचारलं, "बेटी, और कितना है?" सगळ्या बाटल्या तिथेच उतरल्या. आज अंबरनाथच्या एमआयडीसीत तिचा स्वतःचा गाळा आहे. मला तिथे कशाला हात लावू देत नाहीत, आणि बरोबरच आहे.

पण ती दुकानातून रिकाम्या पिशव्या घेऊन आली, त्या संध्याकाळी तिचे वडील माझ्या दारात उभे राहिले. मी ऐकून घ्यायच्या तयारीने पदर सावरला. ते म्हणाले,

"वहिनी, तिच्या मामाला फोन केला. त्या नोकरीवर दुसरं कोण तरी बघ म्हटलं. आमच्या पोरीला टाइम नाय."