लाख लावलेली फांदी

कुंडीजवळ गेला की तो आधी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायचा आणि कान लावायचा. कुंडी खणखणली की तिला तहान लागलेली. बद्द वाजली की पाणी पुरे. "तिले इचारल्याबिगर मी काई देत नाई," तो म्हणे. आमच्या अमरावतीच्या कचेरीत काही देण्याआधी समोरच्याला विचारणारा हा म्हातारा माळी एकटाच.

द्वैभाषिक मुंबई राज्याचे दिवस होते. नवे साहेब आले ते वीतभर उंचीचा वड घेऊन. कोणा मित्राने जपानी पद्धतीने उथळ कुंडीत वाढवलेला. वय म्हणे बारा वर्षे. साहेबांनी तो टेबलावर ठेवला, आणि येईल त्याला दाखवून ते शिस्तीवर पाच मिनिटे बोलत. वेळीच मुळे छाटली तर माणूसही आटोपशीर राहतो, असा एकंदर सूर. म्हातारा मात्र पहिल्यांदा पाहताच म्हणाला, "कोनं उपाशी ठेवलं रे बाप्पा याले?"

एका दुपारी साहेब दौऱ्यावर असताना मी त्यांच्या टेबलावरून फायलींचा गठ्ठा उचलला. गठ्ठ्याची फीत झाडात अडकली होती. कट्ट आवाज झाला आणि सर्वांत मोठी फांदी लोंबकळू लागली.

माझ्याआधीच्या कारकुनाने साहेबांच्या कागदांवर दौत सांडली होती. त्याची बदली दूर जंगलातल्या धारणीला झाली. माझ्या बायकोला सातवा महिना होता, आणि धारणीच्या रस्त्यावर धडधाकट माणसाचीही हाडे खिळखिळी होत.

वाचकहो, घाबरलेला कारकून काय करतो? रोज करतो तेच. मी फांदी जागेवर बसवली, लाल फितीने आवळली आणि वर लाखेचे दोन गरम थेंब सोडले. शिक्का उमटवायचाच बाकी होता, तेवढ्यात म्हातारा झारी घेऊन आत आला.

"बाबू, झाड हाय का रजिस्टर लिफाफा?"

"हसू नका, बाबा. साहेब परवा येतात."

"तवापोतर मरते ना ते! भाजलं तुमी त्याले."

त्याने नखाने लाख सोलली. जखमेतून पांढरा चीक आला तसा त्याचा चेहरा निवळला. "साल जिती हाय खालून." तरुणपणी त्याने अंजनगावच्या पानमळ्यात वेली बांधल्या होत्या. त्याच हातांनी त्याने बांबूच्या दोन काड्या फांदीला लावल्या, ओल्या केळीच्या सोपटाने बांधल्या आणि वर शेणमातीचा लेप दिला.

"साहेबांना काय सांगू?"

"खरं."

"खरं सांगितलं तर धारणी!"

त्याने झारी उचलली. "मंग चुप राहा. मोठ्या मानसाले आधी बोलू द्या. तोच सांगते आपल्याले, काय झालं तं."

साहेब आले ते नागपूरच्या आणखी मोठ्या साहेबांना सोबत घेऊन. पाहुण्यांनी चष्मा सावरून विचारले, "हे काय बांधलंय?" साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी गप्प. म्हाताऱ्याकडे पाहिले. तोही गप्प. साहेब खाकरले. "वळण देण्याची जपानी रीत आहे ती," ते म्हणाले, आणि पुढे पाच मिनिटे बोलले. म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा होता. खांदे तेवढे गदगदत होते.

पण फांदी वाळली असती तर जपान कामी आला नसता. तिची होती नव्हती ती पाने गळली. मी रोज हजेरीपटाआधी तिच्याकडे बघे. घरी बायकोने न सांगता भांडी बोचक्यात बांधायला घेतली होती.

"रोज पाहून राहिले तं पालवी काय लवकर येते, बाबू?" म्हातारा म्हणे. "तिलेबी लाज वाटत असन."

महिना उलटून गेला आणि एका सकाळी फांदीच्या टोकाला तांबूस कोंब दिसला. मी धावत बागेत गेलो. म्हाताऱ्याने खुरपे खाली ठेवलेसुद्धा नाही. "मंग इथं कावून उभे? घरी जा. सूनबाईले म्हना, बोचकं सोड." कचेरीच्या वेळात घरी गेलो, असा माझ्या नोकरीतला तो एकच दिवस. मुलगी अमरावतीतच झाली.

पुढे साहेबांची अकोल्याला बदली झाली. झाड जीपमध्ये त्यांच्या मांडीवर बसून गेले. म्हातारा एका उन्हाळ्यात अंजनगावला गेला तो परतलाच नाही. त्याच्या जागी आलेला माळी घड्याळ पाहून पाणी घाली.

काही वर्षांनी कामासाठी अकोल्याला साहेबांच्या बंगल्यावर गेलो. ते आत सही करत होते, तेवढ्यात मी वडाची ती फांदी बोटांनी हलकेच दाबून पाहिली. टोकाशी ती लवली, मध्यावरही लवली. खोडाजवळ, जिथे ती मोडली होती, तिथे जाड गाठ धरली होती. तिथे मात्र ती जराही लवली नाही.