शेळ्या राखणाऱ्या कवीची अंगाई

सौदीतल्या यान्बूत मी एका स्पॅनिश इंजिनिअर साहेबांची गाडी चालवतो. माझी शाळा सातवीतच सुटली, अब्बांबरोबर होडीवर जायला लागलो. कविता वगैरे कॉलेजात गेलेल्यांसाठी, असंच धरून चाललो होतो. साहेब मात्र प्लांटच्या वाटेवर त्यांच्या मुलखातल्या एका कवीबद्दल बोलत राहायचे. मोडकं इंग्रजी त्यांचं, मोडकं माझं, जमायचं. त्या कवीला बापानं शाळेतून काढून शेळ्यांमागे पाठवलं होतं. शेळ्या चरायच्या आणि हा पुस्तकं वाचायचा. पुढे देशात आपसात युद्ध पेटलं, हा हरलेल्या बाजूचा, तुरुंगात पडला. बायकोनं कळवलं, घरात खायला नुसता पाव आणि कांदा, आणि बाळ अंगावर पितंय. त्यानं तुरुंगातून बाळासाठी अंगाई लिहून पाठवली. तिथेच आजारानं गेला.

"पाठवायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं," साहेब म्हणाले.

माझ्याकडे पगार होता, अल्लाचे उपकार. धास्ती वेगळीच होती. मी इकडे आल्यावर जन्मलेला मुलगा मला ओळखेल का? व्हिडिओवर तो मला बघायचा कमी, फोन चाटायचा जास्त. मग दुपारच्या सुट्टीत गाडीत बसून मीही एक अंगाई जुळवली आणि रेकॉर्ड करून घरी पाठवली. सुरमईला नथ, बांगड्याला टोपी, असलं काहीतरी.

"अवो, ही अंगाई हाय का मासळीबाजार?" बायको हसली. पण रोज त्याला ऐकवत राहिली.

यंदा ती मुलाला घेऊन तिच्या वडिलांबरोबर मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला आली. साहेबांनी स्वतःहून गाडी दिली, वर सुट्टीही. जेद्दाच्या विमानतळावर मी हात पुढे केले, तर पोरानं असं भोकाड पसरलं की लोक वळून बघायला लागले. ज्याला भ्यायलो होतो तेच झालं. मी गाडी सुरू केली. मागच्या सीटवर रडणं चालूच.

"आता का तोंड शिवलंय?" बायको म्हणाली. "गा की!"

शेजारी सासरे बसलेले, लाज वाटत होती. तरी रस्त्यावर नजर ठेवून सुरुवात केली. सुरमईपर्यंत रडणं थांबलं. बांगडा आला तशा माझ्या सीटला मागून लाथा बसायला लागल्या. मी थांबलो की आणखी जोरात.

पेट्रोल पंपावर उतरून मागचं दार उघडलं. माझा चेहरा बघून पुन्हा भोकाड!

"आवाज पटलाय," सासरे म्हणाले, "माणूस पटायला जरा वेळ लागंल."

बायकोनं तरी त्याला माझ्या हातात दिलंच. तो रडत होता, आणि रडता रडता त्यानं माझ्या शर्टाचं बटण मुठीत घट्ट धरलं होतं.