खळ घातलेला कलप

आधी त्या बाईंचं सांगतो, मग माझ्या डोक्याचं. मुळशीच्या खोऱ्यात मी धरणाच्या कामावर आलो तेव्हा गावात मला कोणी खोली देईना. ज्यांच्या भातखाचरांवर पाणी चढायचं होतं, त्यांनी धरणाच्या माणसाला ओसरीवर का घ्यावं? मीही फार दारं वाजवली नाहीत. वरच्या माळावर एक धनगराचं घर होतं. त्या घरची बाई शेरडं हाकत चालली असताना मी वाटेत वळकटी घेऊन बसलेला तिला दिसलो. तिने विचारलं, "शेरडांच्या शेजारी निजशील का?" मी हो म्हणालो. त्या दिवसापासून गोठ्याला लागून असलेली पडवी माझी झाली. मी तिला मावशी म्हणू लागलो. तिचा नवरा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा तो पावसाच्या तोंडाशी परत यायचा. घरी ती, तिचा लहान मुलगा आणि तिची कानानं अधू सासू. आज माझा जो काही संसार आहे, तो या मावशीच्या तोंडामुळे आहे. ते तोंड फार फटकळ होतं, हेही सांगून ठेवतो.

मी तापीकाठचा. पाचवीत असताना शाळा सुटली ती सुटलीच. एका ओळखीच्या कंत्राटदाराबरोबर इकडे आलो आणि चुन्याच्या घाणीवर लागलो. गोल चरात बैल दगडी चाक फिरवत राहायचे, चुना आणि विटांचा भुगा दळला जायचा, आणि मिश्रण पातळ झालं की घट्ट, ते पाहायचं काम माझं. स्वभावाने मी भित्रा. मिश्रण पातळ गेलं तर भिंतीला पकड राहणार नाही, भिंत पडेल, खालची माणसं वाहून जातील, असं मला रोज वाटायचं. त्यामुळे माझा चुना नेहमी चांगला घट्ट असायचा. मिस्त्री खूश असे.

या काळजीने म्हणा किंवा कशाने म्हणा, बावीस-तेविसाव्या वर्षी माझे केस पांढरे झाले. डोक्याचेही आणि मिशीचेही. घाणीवर सगळेच पांढरे दिसायचे, त्यामुळे आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. मावशीच्या लक्षात आलं. एकदा मी आंघोळ करून उठलो तर म्हणाली, "डोस्कं नीट धू की रं, चुना तसाच राह्यलाय." मी पुन्हा धुतलं. तिने जवळ येऊन माझा एक केस बोटांत धरून पाहिला.  मग म्हणाली, "आई बघंल तर काय म्हनंल तुजी? पोरगा धाडला आन् म्हातारा परत आला."

तोपर्यंत मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. पण त्या हिवाळ्यात वडिलांचा निरोप आला की आमच्याकडच्याच एका मुलीचं स्थळ आलं आहे. मुलगी चांगली, माणसं चांगली. मुलीचा मामा पुण्याला छापखान्यात कामाला आहे, तो रविवारी तुला पाहायला येईल. मामाने हो म्हटलं की झालं.

माझी झोप गेली. टोपी घातली तरी कानाजवळचे केस दिसणार, आणि मिशीला काय टोपी घालू? मामा म्हणणार, हा कसला चोवीस वर्षांचा? बायको मेलेला बिजवर आमच्या गळ्यात बांधताय. दूरच्या मुलखात राहणाऱ्या माणसाच्या मागे काय काय आहे ते कोणाला ठाऊक? माझ्या बाजूने बोलायला इथे माझं कोण होतं? वडील तिकडे, आई तिकडे. मिशी काढून टाकावी तर तेही जमत नव्हतं. बाप जिवंत असताना मिशी काढलेला मुलगा पाहून मामा बांधावरूनच परत फिरला असता.

कामावरच्या लोहाराने मला कलपाची कृती सांगितली. आवळकाठी, हिरडा, मेंदी आणि लोखंडाचा कीस लोखंडी कढईत भिजत घालायचा, दोन-चार दिवस ठेवायचा, मग लावून उन्हात बसायचं. कीस त्यानेच दिला. बाकीचं पुण्याहून येणाऱ्या गाडीवानाने आणलं. कढई मावशीची. "भाकरीच्या कालवनाला लागतिया ती," एवढंच ती म्हणाली. पण दिली.

मामा संध्याकाळपर्यंत येणार होता. त्या रविवारी सकाळी मी अंगणात बसून कढईवरचं झाकण काढलं. आत शाईसारखं काळं पाणी. काळं पाहून बरं वाटलं, पण ते फारच पातळ होतं. हातात घेतलं की बोटांतून गळून जाई. डोक्याला लावलं तर ओघळ कपाळावर, ओघळ मानेवर. आणि माझा धुतलेला सदरा एकच. घाणीवरचं माझं सगळं शिक्षण एकाच गोष्टीचं होतं: मिश्रण पातळ झालं तर त्यात पकड धरणारं काहीतरी घाला. मी इकडे तिकडे पाहिलं. ओसरीच्या कडेला मातीच्या भांड्यात मावशीने चिंचोके शिजवून केलेली खळ ठेवली होती. घोंगडीचं सूत ताठ व्हावं म्हणून धनगर लोक ती सुताला लावतात. मी त्यातली ओंजळभर खळ कढईत घातली आणि घोटली.

काय सुंदर लपका झाला! अगदी चुन्यासारखा. डोक्यावर थापला तर एक थेंबही हलेना. मिशीलाही जाड थर दिला. वरून केळीचं पान गुंडाळलं, पंचा बांधला आणि उन्हात बसलो. मला वाटलं, शाळा शिकलो असतो तर मी काहीतरी मोठा झालो असतो.

डुलकी लागली. जाग आली ती डोक्याला हिसका बसल्यामुळे. एक शेळी माझ्या पंच्याखालचं केळीचं पान ओढून खात होती. मी ओरडायला गेलो तर वरचा ओठ हलेना. मिशी लाकडासारखी झाली होती. डोक्याला हात लावला तर टकटक वाजलं.

मावशी पाण्याच्या घागरी घेऊन आली आणि मला पाहून तिथेच थांबली.

"ह्ये काय केलंस रं लेका?"

मी भांड्याकडे बोट केलं.

तिने भांड्यात पाहिलं, मग माझ्याकडे. घागरी खाली ठेवल्या आणि खाली बसून हसायला लागली. सासूला काही ऐकू येत नव्हतं, पण सून हसते म्हणून तीही ओसरीवरून हसू लागली.

"आरं, ती खळ हाय! घोंगडी पावसात धा वरीस टिकावी म्हनून लावत्यात ती. आन् तू डोस्क्याला लावलीस?"

"निघेल ना?" मी अर्ध्या ओठाने विचारलं.

"घोंगडीची तर निघत न्हाई."

मग ती उठली, आत गेली आणि मेंढ्यांची लोकर कापायची कातर घेऊन आली. "बस हितं. भादरून टाकते. महिन्याभरात यील परत."

मी दोन्ही हातांनी मिशी झाकली. "मावशी, बाप जिता आहे माझा!"

तिने त्याच क्षणी कातर मागे टाकली. त्या शब्दापुढे दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. "व्हय रं बाबा, व्हय," म्हणाली, आणि चुलीवर पाणी चढवायला गेली.

मग मला अंगणात बसवून तिने गरम पाणी ओतायला सुरुवात केली. खळ गरम पाण्याने सुटत नाही, आधी फुगते. माझं डोकं आणखी मोठं झालं. मग ते बुळबुळीत झालं. मग तिने रिठ्याचं पाणी आणि राख घेऊन बोटांनी गोळे ओढायला सुरुवात केली. प्रत्येक गोळ्याबरोबर चार केस निघत आणि ती म्हणे, "ह्यो पांढराच हुता, जाऊ दे." मी रडत होतो की पाणी डोळ्यांत जात होतं, ते मला आज सांगता येणार नाही.

शेवटी तिने मला आत नेलं आणि आरसा दाखवला. खळीचे गोळे जिथे धरले होते तिथे रंग पोचलाच नव्हता. केस पांढरे ते पांढरेच. मधले पट्टे काळे, काही तांबूस. मिशीची एक बाजू काळी, एक पांढरी. आणि गळलेल्या पहिल्या पाण्याने कपाळ, कान आणि मान मात्र पक्की काळी.

"बांडं कोकरू दिसतुयास," मावशी म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. मामा संध्याकाळी येणार होता, पण भूगावाजवळ त्याला कामावरची लॉरी भेटली आणि त्यांनी त्याला वर घेतलं. मी बाहेर आलो तर तो दुपारीच आमच्या अंगणात उभा होता. स्वच्छ धोतर, काळा कोट, हातात छत्री. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कढईकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं.

"कलप लावताय?" तो म्हणाला.

मी पंच्याने कपाळ पुसू लागलो.

"माझ्या थोरल्या बहिणीला असंच स्थळ आलं होतं," मामा उभ्या उभ्याच सांगू लागला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "मुलगा तीस वर्षांचा म्हणाले. हळदीच्या न्हाणात कलप उतरला. पन्नाशीचा होता, आणि आधीची दोन मुलं होती. लग्न मोडता आलं नाही. ती आता विधवा होऊन माझ्या घरी आहे. मला तुमचं खरं वय सांगा. आधीची बायको असेल तर तेही सांगा. नाही म्हणून मी परत जाईन, भांडणार नाही."

मी चोवीस म्हणालो. पहिलीच सोयरीक म्हणालो. पण काळ्या कपाळाच्या माणसाचं कोण ऐकणार? मामाने छत्री काखेत मारली.

"थांबा पावनं," मावशी मधे आली. पदर खोचलेला, हात कलपाने काळे. "एवढ्या लांबनं आलासा, पानी तरी प्या. आन् वय केसावर कशाला बघतायसा? आमी मेंढरू घेताना लोकर बघत न्हाई, दात बघतो. ए, आ कर."

"मावशी..."

"आ कर म्हनते न्हवं!"

मी आ केला. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "या हिकडं, बगा. एक बी दात झिजल्याला न्हाई. आन् मागं बगा, अक्कलदाढ अजून यायची हाय. ती न्हाई ह्ये तर कढईकडं बघूनच कळतंय."

मामा खरंच वाकून माझ्या तोंडात पाहू लागला. शिकलेला, कोट घातलेला माणूस. मी आ करून उभा, मिशीतून पाणी टपकतंय. मला आजही ते आठवलं की जबडा दुखतो.

"दाताचं ठीक," मामा सरळ होत म्हणाला. "पण आधीचं लग्न?"

आता मावशीचा आवाज बदलला. "त्याचं बी सांगते. औंदा पावसाळ्यात ह्याला ताप भरला. आठवडाभर पडवीत पडून बरळत हुता. मी उशाला हुते. सगळा येळ आई, आई. मंग बाप, मंग कुटला तरी बैल. बायकू असती, मेलेली का व्हईना, एकदा तरी तिचं नाव तोंडात आलं असतं का न्हाई? न्हाई आलं. माझ्या शब्दावर पोरगी द्या. ह्यो बिजवर निघाला तर हितं येऊन माझी मेंढरं हाकून न्या."

तापात मी काय बरळलो ते मलाही तेव्हाच कळलं. मी मान खाली घातली.

 मामाने छत्री भिंतीला टेकवली आणि तो ओसरीवर बसला. "कुठला बैल?" त्याने मला विचारलं.

"आमच्या घरचा," मी म्हणालो. "तांबडा. मी निघालो तेव्हा आजारी होता."

मग मामा हसला. पहिल्यांदाच.

तो रात्रभर राहिला. मावशीने तीच कढई घासून त्यात कालवण केलं. ते काळंच झालं, पण मामाने दोनदा मागून घेतलं. सकाळी जाताना तो म्हणाला की मुलीच्या घरी मी काही लपवणार नाही. केस पांढरे आहेत हेही सांगेन, कढईचंही सांगेन. मी हात जोडले. नंतर कळलं की त्याने सगळं सांगितलं तेव्हा मुलगी दाराआड ऐकत होती. ती आईला म्हणाली, "भित्रा चालेल, म्हातारा नको." त्यावरच ठरलं. लग्नाच्या न्हाणाला माझ्या डोक्यावरून पाणी ओतताना बायकांनी फार निरखून पाहिलं. उतरण्यासारखं काही नव्हतं. केस होते तसेच, पांढरे.

आता आम्ही दोघं खोऱ्यातच राहतो. कामाने दिलेली खोली आहे. बायको आणि मावशी एकत्र बसल्या की विषय माझ्या डोक्याचाच असतो, आणि मी घाणीवर निघून जातो. काळजी करायला आता घरात माणूस आहे, त्यामुळे चुन्याची काळजी जरा कमी झाली आहे.

मावशीने माझ्यासाठी तिचा शब्द आणि तिची मेंढरं पणाला लावली. तेव्हा मी तिच्या नात्याचा नव्हतो, जातीचा नव्हतो, गावचाही नव्हतो. तिचा मुलगा आता बापाबरोबर मेंढरांमागे जाऊ लागला आहे. उद्या त्याच्या सोयरिकीला पाहुणे येतील, मुलगा कसा, घर कसं म्हणून विचारतील, तेव्हा मी असेन तिथून उठून येईन, तापीकाठी असलो तर तिथून, आणि त्या ओसरीवर बसून माझा शब्द टाकीन. हे मी मावशीला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, आधी कढई घासून दे. तीही घासून देईन.