पंधरा की चोवीस

नलू करंदीकर विमा कंपनीच्या आकडेवारी विभागात एकतीस वर्षं होत्या. माणसं कितव्या वर्षी जातात याचे तक्ते करण्यात त्यांचा हातखंडा. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून त्या माटुंग्याहून दादरच्या एका छोट्या संस्थेत जाऊ लागल्या. ही संस्था शहापूरपलीकडच्या जंगलातल्या दोनशे चाळीस झाडांची तब्येत बघायची. दर नोव्हेंबरात संस्थेचे स्वयंसेवक विल्फ्रेड परेरा प्रत्येक झाडाखाली उभे राहून, दुर्बीण लावून, पानं किती टक्के विरळ झालीत ते लिहून आणायचे.

नऊ वर्षं सरासरी पंधराच्या आसपास होती. दहाव्या वर्षी एकदम चोवीस. अकराव्या वर्षीही चोवीस.

"नलूताई, जंगल मरतंय," संस्थेचा प्रमुख अवधूत म्हणाला. "रिपोर्ट या महिन्यात बाहेर जायला हवा."

नलूताईंना ते पटेना. पाऊस नीट झालेला, वणवा नाही, कीड नाही. शिवाय बुंध्यांचा घेर टेपने मोजलेला, तो दरवर्षी पूर्वीसारखाच वाढत होता. आजारी झाड अंग धरेल कसं? त्यांनी ऐनाची झाडं वेगळी काढली, किंजळाची वेगळी, उतारावरची वेगळी. सगळीकडे उडी तेवढीच. साथीतसुद्धा कुणाला लागण होते, कुणी सुटतं. इथे सुटलेलं कुणीच नव्हतं. आपलंच काही चुकतंय म्हणून त्यांनी गणित तीनदा मांडलं. आठवडाभर जेवणात लक्ष नव्हतं.

शेवटी त्या गिरगावात विल्फ्रेडच्या घरी गेल्या. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभी हयात काढलेला काटेकोर माणूस. आकडे पाहून तेही गोंधळले.

"दिसलं तेच लिहिलं मी. एक झाड सोडलं नाही."

"तेच तर. मग दोन वर्षांपूर्वी असं झालं तरी काय?"

त्यांची बायको डोरिस चहा ठेवत होती. "दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना. मोतीबिंदू, दोन्ही. तेव्हापासून मला पंख्यावरची धूळ दाखवतात."

विल्फ्रेडनी कप उचललाच नाही. आधी पानांमधल्या फटी त्यांना दिसतच नव्हत्या, नुसता हिरवा धूर दिसायचा. "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं लिहिलं?"

"तपासून बघू," नलूताई म्हणाल्या.

संस्थेकडे दरवर्षीचे झाडांचे फोटो होते. नलूताईंनी तारखा काढून ते पिसले आणि विल्फ्रेडसमोर ठेवले. चार दिवस बसून त्यांनी नव्या डोळ्यांनी टक्के लिहिले. नलूताईंनी ते वर्षांनुसार लावले. पहिल्या वर्षाचे सोळा, पाचव्याचे एकोणीस, नवव्याचे तेवीस.

उडी खोटी होती, पण जंगल खरंच हळूहळू विरळ होत होतं. मोतीबिंदूही तितक्याच सावकाश वाढला होता, म्हणून पंधराचा आकडा जागचा हलला नव्हता. मग घेर का वाढत राहिला? आणि फोटोंवर तरी किती भरवसा ठेवायचा? कुठला सकाळचा, कुठला ढगाळ दुपारचा.

"एका वाक्यात सांगा ना," अवधूत वैतागून म्हणाला. "मरतंय की नाही?"

"मला माहीत नाही," नलूताई म्हणाल्या. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी ऑफिसात कधी उच्चारलं नव्हतं.

रिपोर्ट थांबला. यापुढे दोघांनी वेगवेगळं बघायचं ठरलं, आणि त्या नोव्हेंबरात नलूताई स्वतः जंगलात गेल्या. पहिल्याच ऐनाखाली मान वर करून उभ्या राहिल्या. वारा आला की फटी उघडत, पडला की मिटत. त्यांनी वीस लिहिलं, खोडलं, तीस लिहिलं.

"झालं का, मॅडम?" विल्फ्रेडनी पलीकडून विचारलं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या, आणि तीसही खोडून पुन्हा वर बघू लागल्या.