वाचून दाबा

आमच्या रोह्याच्या कंपनीचा सर्व्हर सांभाळायला एक गृहस्थ पेणहून येतात. प्रत्येक कमांड आधी वहीत लिहितात, मगच टाइप करतात. सर्व्हरवरचं एखादं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅम, काढायचं म्हटलं की त्याच्यासोबत आणखी काय काय जाणार, याची यादी पडद्यावर येते. ती ते ओळीओळीवर बोट ठेवून, पुटपुटत वाचतात. मला त्याचा भारी वैताग यायचा.

परवा एक जुनी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना लागणारी फाइल, काढायची होती. यादी लांबलचक आली; खाली 'वाय की एन', म्हणजे काढू की नको, असा प्रश्न. त्यांनी ती वाचली आणि हात मागे घेतला.

"अहो, वाय दाबा आणि मोकळे व्हा!" मी खेकसलो.

त्यांनी खुर्ची सरकवली. "तुमीच दाबा, साहेब. फक्त वाचून दाबा."

मी वाचत गेलो. नवव्या ओळीत गेटवरच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम होता. तो गेला असता, तर भरलेले ट्रक पार हायवेपर्यंत अडकले असते. माझं बोट हवेतच राहिलं.

"नाय ना दाबायचं?" असं म्हणत त्यांनी पुढे वाकून एन दाबलं.

ते चहाला गेल्यावर मी वही उघडली. त्या कमांडपुढे त्यांनी लिहिलं होतं : 'काढली नाही. साहेबांच्या वेळीच लक्षात आलं.'