पेन्सिलबाबूंचा दुसरा रकाना

पेन्शनचा फॉर्म शाईने भरायचा असतो. पण आमच्या यजमानांच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातले हेडक्लार्क तो आधी पेन्सिलीने भरत. म्हणून सगळे त्यांना पेन्सिलबाबू म्हणत. माणूस हदगावचा, काटकुळा. पेन्सिल कानावर, खोडरबर मात्र कुलपात.

फॉर्मवर दोन रकाने असत. पहिल्यात महिन्याला जास्त रक्कम, पण ती त्या माणसाबरोबर संपणार. दुसऱ्यात थोडी कमी, पण त्याच्यामागे बायकोला चालू राहणार. बाबू कुणालाही न विचारता दुसऱ्यावर खूण करून ठेवत. कुणी कुरकुर केली की म्हणत, "खोडू की. मंगळवारी वहिनींना घेऊन या. त्यांच्यासमोर सांगा, लगेच खोडतो."

असा नियम कुठल्याच कागदावर नव्हता. काहींना वाटे, बाबूंना चहापाणी हवंय. एकाने पाकीट पुढे केलं, तर त्यावर पेन्सिलीने 'मंगळवार' लिहून बाबूंनी ते परत दिलं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हे गेल्यावर, तेरावं उरकून मी कागद घेऊन कॉलेजात गेले. पुढे घर कसं चालणार, हाच विचार डोक्यात होता. बाबूंनी फाइल काढून दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. पेन्शन आता माझ्या नावाने येईल, म्हणाले. मला एकदम रडू आलं. रडू थांबल्यावर बाबू खाली बघत बोलले, "सरांना पहिला रकाना पाहिजे होता. तीन मंगळवार आले, एकटेच. चहा पिऊन गेले. चौथ्याला म्हणले, बाबू, तिच्यासमोर हे बोलणं जमंना. शाई फिरवा."

यांनी विचारलं असतं तर मी मान डोलावली असती. जन्मभर तेच केलं होतं. बाबूंना ते माहीत असावं. म्हणून ते बायकांना विचारत नसत, नवऱ्यांना तेवढं बोलायला सांगत.

मागच्या महिन्यात पेन्सिलबाबू गेले. मी भेटायला हदगावला गेले, त्यांच्या बायकोजवळ बसले आणि न राहवून विचारलंच, पेन्शन तुमच्या नावावर झाली ना?

त्यांनी डोळे पुसले.

"हाव. मंगळवारी मला हापिसात नेलं. पेन्सिल हातात देऊन म्हणले, तूच कर खूण, तुझ्या मर्जीनं." आणि किंचित हसल्या. "दुसरा रकाना सोडून बाकी सगळा कागद हातानं झाकून धरला होता."